पोटात ठेवलेले दिवस

"काय साब, आज कौ तागा कितै लौं आओ?"

हा आवाज मी शेवटचा ऐकला त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तरी सकाळी उन्हाची पहिली तिरीप अंगावर आली की वाटतं, आत्ता दार करकरेल. एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून हल्के मिस्त्री उभा राहील, कानावरची पेन्सिल काढील आणि विचारील, साहेब, आजचा दोरा कुठवर आला?

मित्रांनो, तो दोरा माझ्या अंगावरचा. झाशीच्या बाहेर ट्रान्सफॉर्मर घडवणाऱ्या एका सरकारी कारखान्यातला मी नियोजनाचा फळा. आता जुना झालो आहे. डाव्या कोपऱ्याला माझं लाकूड ओल खाऊन फुगलं आहे, पत्र्याच्या काही खाचा गंजून गळून पडल्या आहेत. पण आठवणींना गंज चढत नाही. चढला तरी तो लाल दिसतो, आणि लाल रंग मला लहानपणापासून आवडतो.

माझा जन्मदाता हा हल्केच. तो समथरचा. त्याचा बाप समथरच्या बाजारात बैलगाडीची चाकं बनवायचा, आणि हल्के कारखान्यात ट्रान्सफॉर्मरसाठी लाकडी खोकी बनवायचा. खोकी करून उरलेल्या सागवानातून त्याने मला जोडलं. रंधा मारताना तो बुंदेलीत गुणगुणायचा, आणि ती चाल माझ्या रेषांत मुरली असं मला वाटतं. म्हणून मी सरळ लाकडाचा असूनही थोडा हळवा निघालो.

माझ्या अंगावर आडवी नव्वद घरं होती. एक घर म्हणजे एक दिवस. एकाखाली एक बारा ओळी, एकेका ओळीत एकेक काम. कामाला दोन दिवस लागणार असतील तर दोन घरांएवढं पुठ्ठ्याचं पान, दहा लागणार असतील तर दहा घरांएवढं. ती पानं पत्र्याच्या खाचांत बसवायची आणि काम झालं की काढून घ्यायची. या सगळ्यावरून, वरून खाली, एक तांबडा दोरा सोडलेला. त्याच्या टोकाला गवंड्याचा पितळी ओळंबा. रोज सकाळी दोरा एक घर उजवीकडे सरकायचा. दोऱ्याच्या डावीकडे मागे राहिलेलं पान म्हणजे उशीर झालेलं काम. अक्षरओळख नसलेला माणूसही लांबून पाहून सांगायचा, कुणाचं काय अडलं आहे.

आणि दोरा कुणासाठी थांबायचा नाही. कुणाचं लग्न असो, कुणाच्या घरी कुणी गेलेलं असो, तो आपला रोज एक घर.

गजाननराव माझ्यापुढे पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा ते वऱ्हाडातून नुकतेच आले होते. पंचवीस वर्षांचे, सडपातळ, खिशात टोक काढलेल्या दोन पेन्सिली. हिंदी बोलताना आधी मनात मराठी वाक्य जुळवायचे, मग उलटवायचे, तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. माझ्यापाशी मात्र त्यांना बोलावं लागत नसे. त्यांनी मला पुढून मागे वाचायला शिकवलं. आधी माल रवाना व्हायचा दिवस उजवीकडे पक्का करायचा, मग तिथून मागे मागे यायचं. रवाना व्हायच्या आधी खोकं, खोक्याच्या आधी चाचणी, चाचणीच्या आधी तेल भरणं, असं करत करत पार तांब्याच्या तारेपर्यंत. 'शेवट आधी मांडला की सुरुवात आपोआप सापडते,' असं ते म्हणायचे. मला ते फार मोठं ज्ञान वाटायचं.

नियोजन विभागात आणखी एक रिवाज होता. तो कागदावर कुठेच लिहिलेला नव्हता. गिऱ्हाइकाने दिलेली खरी तारीख कधीच माझ्यावर लागत नसे. माझ्यावर लागायची ती आठ-दहा दिवस अलीकडची. खरी तारीख गजाननरावांच्या खिशातल्या छोट्या डायरीत. कारण तार उशिरा येते, माणसं आजारी पडतात, क्रेन बिघडते. हाताशी दिवस आहेत असं कळलं की कामं सैल पडतात. म्हणून दिवस लपवायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत. साहेबांना नाही, शॉपवाल्यांना, म्हणजे शेडमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना, तर नाहीच.

हल्केला हे ठाऊक होतं. त्याची खोकी सगळ्यात शेवटची, त्यामुळे खऱ्या तारखेची गरज त्यालाच सगळ्यात जास्त. तो माझ्याकडे पाहून हसायचा आणि गजाननरावांना म्हणायचा, "बोर्ड पे जो है सो हमाई तारीख. असली तो साब, तुमाए पेट में धरी है."

तेव्हापासून त्या दिवसांना सगळा विभाग 'पेट के दिन' म्हणू लागला. गजाननराव घरी मराठीत त्यांना काय म्हणत असतील, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ते घरी त्यांचं नावच काढत नसत.

चांगले दिवस पाहिले मी, मित्रांनो. विश्वकर्मा पूजेला माझ्या चौकटीला झेंडूची माळ पडायची. एका वर्षी मोठा ट्रान्सफॉर्मर वेळेआधी चार दिवस बाहेर पडला तेव्हा मोठे साहेब स्वतः आले आणि माझ्या लाकडावर थाप मारून म्हणाले, "यही है असली मैनेजर." गजाननराव मागे उभे होते. त्यांच्या मानेवर घाम होता आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू.

मग संगणक आला. तो काचेचा, पाठीमागे फुगीर. त्याच्यावर दोरा नव्हता, आणि खरं सांगतो, मला त्याची कीव आली. पण कीव माझीच करायची वेळ आली. आधी माझ्यावर रक्तदान शिबिराची सूचना लागली. मग क्रिकेटच्या संघाची यादी. मग मला कँटीनमध्ये हात धुण्याच्या जागेआड आडोसा म्हणून उभं केलं, आणि तिथल्या पाण्याने माझा डावा कोपरा फुगला तो फुगलाच. हल्के निवृत्त होऊन समथरला गेला. जाताना कँटीनमध्ये आला, फुगलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि निघून गेला. कारागीर आपल्या वस्तूशी असाच निरोप घेतो.

शेवटी भंगाराच्या लिलावात मी बिजौलीला पोचलो. तिथे छोट्या कारखान्यांच्या रांगेत एका भंगारवाल्याचं आवार होतं. त्याने मला वजनकाट्याच्या टपरीची भिंत केलं. एक बकरी माझ्या कडेला पाठ घासायची. तिच्याशी माझी मैत्री झाली होती, पण ते सांगत बसलो तर मूळ गोष्ट राहील.

निवृत्तीनंतर दुसऱ्या उन्हाळ्यात गजाननराव कूलरची जुनी मोटर शोधत तिथे आले. मोटर मिळाली नाही. परत फिरताना माझ्याकडे नजर गेली आणि ते उभेच राहिले. माझ्या खालच्या ओळीत, खाचेखाली, त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'तांब्याची तार, वाट पाहणे.'

"ये दीवार कितने में दोगे, भैया?"

भंगारवाला म्हणाला, "बाबूजी, दीवार ले जाओगे तो मैं काटा कहाँ रखूँगा?"

पण म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी पाहून त्याने मला सोडलं. लोडर टेम्पोवर उताणा पडून मी झाशीत शिरलो. आकाश एवढं मोठं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दारात रजनीताई उभ्या होत्या. गजाननरावांची बायको. कारखान्यात मी त्यांचा आवाज फक्त टेलिफोनमधून ऐकलेला. त्या मला पाहून म्हणाल्या, "नोकरी सुटली म्हणून सुटका झाली असं वाटलं होतं. आता ऑफिसच घरी आलं."

"अगं, सागवान आहे."

"असेना. मग पापड वाळवायच्या कामाला येईल."

आणि खरोखर आलो. दोन उन्हाळे मी गच्चीवर आडवा पडून कुरडया सोसल्या. माझ्या घरांत बुधवार-गुरुवार असायचे तिथे गव्हाचा चीक वाळला. तक्रार नाही. कामाचं काम असतं, लहान-मोठं ठरवणारा मी कोण.

पण माझ्या नशिबात आणखी एक नियोजन लिहिलेलं होतं, आणि तेच सांगायला मी तुम्हाला बसवून घेतलं आहे.

रजनीताई लग्नाआधी अमरावतीला इतिहासात एम.ए. करत होत्या. पहिलं वर्ष उत्तम गुणांनी पास. मग लग्न झालं, झाशी आली, मकरंदचा जन्म झाला, आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा राहून गेली. बासष्टाव्या वर्षी त्यांनी पुन्हा नाव घातलं, इथल्याच विद्यापीठात, खासगी परीक्षार्थी म्हणून. एकेक करत सगळे पेपर झाले. उरला एक. आधुनिक युरोपचा इतिहास. हा पेपर त्यांनी एकदा भीतीने टाळला होता. आता टाळायची सोय नव्हती. या खेपेला दिला नाही तर नोंदणीची मुदत संपणार होती आणि मागचं सगळं पास झालेलंही वाया जाणार होतं.

मकरंदची मुलगी इरा आजीजवळच राहायची. सातवीतली, बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, आणि दोन्हीकडे बिनधास्त. तिनेच एकदा विचारलं, "आजी, तू तब क्यों नहीं दिया? म्हणजे पहिल्यांदा?"

"आजोबांना रजा मिळाली नाही, बाळ. पंच्याऐंशी सालचा एप्रिल. तेव्हा कारखान्यात श्वास घ्यायचा तरी अर्ज करावा लागायचा. तुझा बाबा दहा महिन्यांचा. त्याला कडेवर घेऊन, गाड्या बदलत, मी एकटी कशी जाणार होते अमरावतीला?"

"तो आजोबांनी बॉसशी लढायचं ना."

"ते कुणाशी लढतात?" रजनीताई हसल्या. "माझ्याशीसुद्धा कधी लढले नाहीत."

गजाननराव शेजारी पेन्सिलीला टोक काढत होते. टोक तुटलं. त्यांनी पुन्हा काढायला सुरुवात केली.

मग त्यांनी मला गच्चीवरून खाली आणलं. ओल्या फडक्याने पुसलं, गळालेल्या खाचांच्या जागी कूलरच्या पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या. माणिक चौकातून रंगीत पुठ्ठा आणला, तांबडा दोरा आणला. ओळंबा त्यांच्याकडे होताच, तो निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खिशात घातला होता. मला बैठकीच्या भिंतीला उभं केलं तेव्हा माझ्या छातीत, जिथे फळ्यांना छाती असते तिथे, धडधडलं.

"पुस्तक आण," ते रजनीताईंना म्हणाले.

रजनीताईंनी जाडजूड पुस्तक समोर ठेवलं. गजाननरावांनी ते उघडलं नाही. हातात तोललं. मग नुसती अनुक्रमणिका काढून पानं मोजायला लागले.

"प्रबोधन, बावन्न पानं. पाच दिवस. धर्मसुधारणा, अडतीस. चार दिवस. तीस वर्षांचं युद्ध, एकोणीस पानं. दोन दिवस."

"युरोप तीस वर्षं लढला, आणि मला दोन दिवस?"

"पानं एकोणीसच आहेत."

"मेलेल्यांची पानं कमीच असतात हो."

ते ऐकून त्यांची पेन्सिल क्षणभर थबकली, पण नियोजनात अशा वाक्यांसाठी खाच नसते. त्यांनी पान कापलं, दोन घरांएवढं, आणि बसवलं. त्या कारखान्यात वजनावरून दिवस ठरायचे, टनाला इतके तास. इतिहासही त्यांनी टनावर घेतला. प्रत्येक पानावर दोन नावं लिहिली, कारण पुस्तक हिंदीत आणि रजनीताईंची समज मराठीत. 'पुनर्जागरण' लिहून खाली 'प्रबोधन'. एकेक पान लागत गेलं आणि माझ्या अंगावर, जिथे कधी गुंडाळ्या आणि टाक्या होत्या, तिथे इटलीची शहरं, जर्मनीतली चर्चं, फ्रान्सचा राजा, नेपोलियन, बिस्मार्क असे एकामागून एक येऊन उभे राहिले. एवढी मोठी माणसं माझ्या अंगावर कधी आली नव्हती.

शेवटचं पान लाल. 'पेपर'.

"तारीख काय ती?" रजनीताईंनी विचारलं. कॉलेजच्या खिडकीवरची कामं गजाननरावांची. तिथलं वेळापत्रकही तेच पाहून आले होते. रजनीताईंच्या ओळखीचं परीक्षेला कुणी बसलेलं नव्हतं, विचारायचं कुणाला?

"अकरा मे," ते म्हणाले आणि लाल पान अकरा मेच्या घरात बसवलं.

दोरा चालू लागला. सकाळी शाळेत जायच्या आधी इरा स्टुलावर चढायची आणि तो एक घर सरकवायची. पहिले काही दिवस सगळं ठीक. रजनीताई वाचायच्या, वहीत लिहायच्या, पान काढून डब्यात टाकायच्या. प्रबोधन वेळेत झालं. धर्मसुधारणा एक दिवस उशिरा. तीस वर्षांचं युद्ध त्यांनी चार दिवसांत संपवलं, आणि ते चार दिवस त्या कुणाशी फारशा बोलल्या नाहीत.

मग फ्रेंच राज्यक्रांती आली आणि सगळं तिथेच अडकलं.

गजाननरावांनी सहा दिवस दिले होते. सात झाले, आठ झाले, दहा झाले. दोरा पुढे निघून गेला आणि ते निळं पान डावीकडे एकटं पडलं. इरा रोज सकाळी सरकवता सरकवता बातमी द्यायची, "आजी, तुझा नेपोलियन लेट चल रहा है. आऊटरला उभा आहे, सिग्नल मिळत नाहीये."

"उभा राहू दे. पुढे त्याला बर्फात चालायचंच आहे."

गजाननराव मात्र अस्वस्थ. कारखान्यात ते अशा वेळी शॉपमध्ये जाऊन उभे राहायचे. इथे ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, त्या क्रांतीत एवढं काय आहे?"

रजनीताई भाजी निवडत होत्या, पुस्तक परातीच्या शेजारी उघडं. "बायका आहेत," त्या म्हणाल्या. "घरात पाव नाही म्हणून पॅरिसच्या बायका पावसात चालत राजाच्या महालावर गेल्या. सहा-सात कोस. मी विचार करत होते, त्यांची तान्ही मुलं कुणाकडे ठेवली असतील."

"पेपरात हे विचारणार नाहीत."

"ठाऊक आहे मला, नाही विचारणार."

"मग त्यांना चालू दे. तू पुढे चल."

दुपारी माझ्यासमोर उभ्या राहून, मागे पडलेल्या पानावर बोट ठेवून, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या,

"तांबडा गं दोरा, रोज एक घर चाले,
मागं राहिल्या पानाशी माझं मन बाई बोले."

कुठली जुनी ओवी नव्हती ती. तिथल्या तिथे सुचलेली. हल्केचा रंधा थांबला की असाच एखादा शब्द हवेत राहायचा.

मित्रांनो, मी दोऱ्याच्या बाजूने होतो की पानाच्या? आयुष्यभर दोऱ्याच्या. पण त्या दिवशी, का कोण जाणे, मला माझा ओळंबा जड वाटला.

एप्रिल सरला. लूचे भाजणारे वारे वाहायला लागले, झाशीचे रस्ते दुपारी ओस पडले. मे महिन्याची चार तारीख उजाडली तेव्हा दोरा लाल पानापासून सात घरांवर होता, आणि त्याच्या डावीकडे पाच पानं राहिलेली. व्हिएन्ना परिषद, इटली, जर्मनी, पहिलं महायुद्ध, रशिया. उजळणीचा तर पत्ता नव्हता.

इरा शाळेत गेली होती. कूलर घरघरत होता. रजनीताई माझ्यापुढे आल्या आणि एकेक पान काढायला लागल्या. वाचून झालं म्हणून नव्हे. नुसतंच. व्हिएन्ना काढलं, इटली काढलं, गठ्ठा केला.

"काय करतेस?" गजाननराव उठून आले.

"राहू द्या हो. या खेपेलाही राहिलं. काही गोष्टी आपल्या नसतात." आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ जास्त झालं असं सांगावं तसा. "बोर्ड परत गच्चीवर न्या. कुरडयांचा गहू भिजत घालते. उन्हं आहेत तोवर होतील."

"सात दिवस आहेत अजून."

"पाच भाग आणि सात दिवस. गणित तुम्हीच शिकवलंत मला."

त्या लाल पानाला हात घालणार, तोच गजाननरावांनी हात आडवा केला. त्यांनी ते लाल पान खाचेतून काढलं, मोजून नऊ घरं उजवीकडे नेलं आणि तिथे बसवलं.

"हे काय?"

"पेपर वीस तारखेला आहे."

"पुढे ढकलला?"

"नाही." ते पानाकडेच पाहत होते. "पहिल्यापासून वीसच आहे."

"तुम्ही मला खोटी तारीख सांगितलीत?"

"खोटी नाही. अलीकडची. अगं, पद्धतच आहे ती. आम्ही खरी तारीख कधीच बोर्डावर लावत नव्हतो. खरी सांगितली की शॉप झोपतं. आठ-दहा दिवस नेहमी हातचे ठेवायचे, पोटात, कुणाला सांगायचे नाहीत. मग ऐन वेळी काही अडलं तर…"

"मी शॉप आहे का?"

गजाननराव बायकोपुढे, माझ्यापुढे, चुकलेल्या शिकाऊ माणसासारखे उभे राहिले.

रजनीताईंना राग आला होता, आणि रागाच्या आत कुठेतरी हसूही आलं असावं, कारण त्यांनी गठ्ठा खाली ठेवला नाही. त्यांनी नवऱ्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली. सात आणि नऊ, सोळा. "इटली आणि जर्मनी एकत्र, तीन दिवस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "व्हिएन्ना दीड. महायुद्धाला मी चार घेणार, तुमचे दोन नकोत मला. रशियाला तीन. उरले साडेचार, उजळणीला." पानं पुन्हा खाचांत जायला लागली. या वेळी त्यांच्या हाताने, त्यांच्या हिशेबाने. मला त्या हाताचा दाब वेगळा लागला. गजाननराव पान बसवायचे तसा घट्ट नव्हे, पण ठाम. शेवटचं पान राहिलं, रशियाचं. ते खाचेत अर्धं गेलं आणि त्यांचा हात थांबला.

"अहो."

"हं."

"हे पोटातले दिवस नेहमीच असायचे? प्रत्येक कामात?"

"असायचे."

"तुम्हाला माहीत असायचं, किती आहेत ते?"

"मीच ठेवायचो."

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला. घरात अशी शांतता पसरली की बाहेरच्या लूचा आवाज खिडकीच्या फटीतून स्पष्ट येऊ लागला. रजनीताई वळल्या. त्यांनी फार हळू विचारलं, "पंच्याऐंशीच्या एप्रिलातसुद्धा?"

मित्रांनो, तो एप्रिल माझ्याही अंगावरून गेला होता. मी सगळं पाहिलं होतं, पण फळे बोलत नाहीत. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला ओल आलेल्या भिंतीला लावू नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा, तिच्या खाचांतली धूळ फुंकरीने काढा, एवढी माझी विनवणी आहे. पण त्याहून एक मोठी विनवणी. कामापासून दिवस लपवलेत तर लपवा, जगाची रीतच आहे ती. आपल्या माणसापासून लपवू नका. लपवलेले दिवस संपत नाहीत, ते कुजतात, माझ्या डाव्या कोपऱ्यासारखे.

गजाननराव खुर्चीवर बसले. ते आयुष्यभर बायकोला 'अगं' म्हणत आले होते. चाळीस वर्षांत कधी नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

"होते, रजनी," ते म्हणाले. "अकरा दिवस होते. बोर्डावर दहा एप्रिल होती, माल खरा जायचा होता एकवीसला. तुझे पेपर बारापासून होते. रजा मिळाली नाही असं मी सांगितलं, ते खरं नव्हतं. मी रजा मागितलीच नव्हती. तू इथे आल्यापासून रोज म्हणायचीस, इथलं ऊन सोसत नाही, भाषा कळत नाही, पास झाले की अमरावतीच्या कॉलेजात नोकरी मिळेल. तुझे सर तसं पत्रही लिहायचे. मला वाटलं, मी तुला नेऊन पोचवीन, आणि मला एकट्याला परत यावं लागेल."